पाण्यात पडलेला कार्बोरेटर

३ फेब्रुवारी

आत्या, नमस्कार.

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. मी भिंगरी, तुझ्या दादाची मुलगी. तू गेलीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आता एकतीस. तुझा पत्ता आईच्या वहीत सापडला. तिने तुझ्या नावापुढे ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ एवढंच लिहून ठेवलं होतं. आई चार वर्षांपूर्वी गेली, ते तुला कळलं असेल किंवा नसेलही.

कामाचं लिहिते. आपली लाँच अजून आहे आणि तिच्यात आजोबांच्या वेळचं तेच चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आहे. गेल्या वर्षी ते इतका धूर ओकायला लागलं, की धक्क्यावरची माणसं नाकाला रुमाल लावून उभी राहायची. मी ते पूर्ण उतरवलं. सिलिंडर बोअर करून घेतले, मोठे पिस्टन टाकले, रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह सगळं नवं केलं. आता ते चांगलं दमदार झालंय, पण त्याच्या डोक्यावर बाजारातला नकली कार्बोरेटर बसलाय. जागेवर कसंबसं चालतं. जोर दिला की काळा धूर सोडतं, उचकी देतं आणि बंद पडतं.

२ एप्रिलला बंदर कचेरीची चाचणी आहे. त्यात लाँच नापास झाली तर बेटाच्या दक्षिण टोकाचा परवाना लाँच संघाला जाईल. संघाच्या लाँची त्या टोकाला थांबत नाहीत, लांब पडतं म्हणतात. तिथली चाळीस घरं आपल्यावर अवलंबून आहेत. संघाचे अध्यक्ष परवा धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, “पोरी, ते इंजिन भंगारात घाल आणि तू कचेरीत टायपिंग कर. तुला ते जमत होतं.”

भंगारवाल्याकडे एका मोटारीचा कार्बोरेटर आहे, जवळजवळ नवा. तो बसवला तर चालेल का? बाबांनीच तुला विचारायला सांगितलंय.

तुझी,
भिंगरी

११ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझ्या पत्रात एक गोष्ट खोटी आहे. दादाने मला विचारायला सांगितलं, ही. दादा कुणाला काही विचारत नाही, मला तर नाहीच. त्याची वाचा बसली असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर त्याला सांग, हात आहेत ना, स्वतः लिही.

वहिनी गेल्याचं मला कुणी कळवलं नाही. ती चांगली होती.

मोटारीचा कार्बोरेटर बसवायचा नाही. भंगारवाल्याने फुकट दिला तरी नाही. मोटारीत कार्बोरेटरमधला तरंगता फ्लोट अडकला तर पेट्रोल बाहेर सांडतं, रस्त्यावर पडतं आणि उडून जातं. लाँचीत ते कुठे जाणार? बुडाशी साचतं, त्याची वाफ तिथेच कोंडते आणि एक ठिणगी पडली की इंजिन, माणसं, सगळं आभाळात. बोटीच्या कार्बोरेटरचा श्वास आतल्या बाजूला, त्याच्या घशातच उघडतो. जास्तीचं पेट्रोल इंजिनच्या पोटात जातं. इंजिन गुदमरून बंद पडेल, पण माणसं जिवंत राहतील.

बोअर किती वाढवलास? कार्बोरेटर ज्या तोंडावर बसतो त्याच्या दोन बोल्टांमधलं अंतर किती? त्या भोकाचा व्यास किती? नीट मोजून पाठव, अंदाजाने नको. आणि काम करणारा मिस्त्री कोण, तेही लिही. माझ्या माहितीतला असेल तर त्याच्या हातून काढून घ्यायला सांगेन.

आत्या

१९ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मी दोनदा फाडायला घेतलं. मापं पाठवायची होती म्हणून राहिलं.

बाबांची वाचा खरंच गेलीय. सप्टेंबरमध्ये झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. त्यांना सगळं समजतं, सगळं ऐकू येतं, पण तोंडातून शब्द निघत नाही. दिवसभर खिडकीशी बसून धक्क्याकडे बघतात. माझं खोटं तू पकडलंस, ते ठीक. मी तुला विचारतेय हे त्यांना माहीत नाही. तुझं नाव या घरात बावीस वर्षांत निघालेलं नाही. पण तू लिहिलंस ते त्यांना वाचून दाखवायची माझी छाती झाली नाही, आणि तुला ते लिहिताना काही वाटलं नाही याचा मला राग आला. आलाय. अजून आहे.

मिस्त्री कुणी नाही. मी आहे. इंजिन मी उतरवलं, मी भरलं. बोअर तेवढा कारखान्यात करून घेतला, दीड मिलिमीटर वाढवलाय. बोल्टांमधलं अंतर शंभर मिलिमीटर, भोक अडतीसचं. कॅलिपरने तीनदा मोजलंय. माझ्या हातून काढून घ्यायचं असेल तर इथे येऊन काढ.

मूळ कार्बोरेटर असता तर हा प्रश्नच नव्हता. पण तो बाबांच्या हातून पाण्यात पडला. धक्क्यावर साफ करायला घेतला आणि निसटला, असं तेच सांगायचे. त्यावरून लोकांनी त्यांची कितीतरी वर्षं टिंगल केली. अध्यक्ष तर अजून म्हणतात, ‘ह्यांच्या घराण्यात मासेसुद्धा पेट्रोलवर चालतात.’ बाबा कधी उलटून बोलले नाहीत. उलटून न बोलणारा माणूस नव्हे तो, तुला ठाऊक आहे.

तसा दुसरा कुठे मिळेल, एवढं सांग. नसेल सांगायचं तर तसं लिही. मी दुसरीकडे शोधेन.

भिंगरी

१४ मार्च

भिंगरी,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. दिवस तुझ्याकडे मोजके आहेत हे माहीत असून दिलं नाही. पहिले काही दिवस मला लिहिता आलं नाही. पुढचे दिवस काम करत होते. पार्सल उघडलंस की कळेल.

तो पाण्यात पडला नव्हता. मी नेला होता.

तुझ्या आजोबांनी मला लहानपणापासून इंजिनापाशी बसवलं. दादा सुकाणू धरायचा, मी इंजिन. आजोबा गेल्यावरही आम्ही तसेच सात वर्षं लाँच चालवली. तिचा आवाज बेटावर ओळखायचे. मग संघाने दादाला बोलावून सांगितलं, बाईच्या हातातलं इंजिन मधल्या पाण्यात बिघडलं तर जबाबदार कोण? तिला उतरव, नाहीतर फेऱ्यांच्या रांगेतून लाँच काढ. दादा घरी आला, जेवायला बसला आणि ताटाकडे बघत म्हणाला, “उद्यापासून लाँचीवर पाय ठेवायचा नाहीस. लाँच माझी, इंजिन माझं.” मी विचारलं, “आणि ते चालतं कुणामुळे?” तो म्हणाला, “ते चालेल. माझं मी बघेन.”

मी वाद घातला नाही. पहाटे धक्क्यावर गेले. दोन नट, एक पेट्रोलची नळी, एक सळई. कपड्यांच्या पिशवीत कार्बोरेटर घातला आणि पहिल्या बसने निघाले. बसभर पेट्रोलचा वास. शेजारच्या बाई म्हणाल्या, खिडकी उघडा, या वासाने मळमळतंय. मी मनात म्हटलं, आता चालवून दाखव.

तो शोधत येईल, निदान पोलीस तरी पाठवेल, याची मी वाट पाहिली. ना शिवी आली, ना माणूस. मला वाटलं, त्याच्या लेखी मी मेले. आणि तू लिहितेस, तो बावीस वर्षं स्वतःची टिंगल करून घेत राहिला, पण बहिणीने नेला असं म्हणाला नाही. हे वाचल्यावर मी दुकान दोन दिवस बंद ठेवलं. वाचेचं मी जे लिहिलं त्याबद्दल माफी मागत नाही, माफीने ते पुसलं जाणार नाही. कार्बोरेटर पाठवतेय.

आता नीट वाच. हा कार्बोरेटर तुझ्या इंजिनाहून जुना आहे, असं समज. इंजिन तेच असलं तरी तू त्याला नवं केलंस, पोट वाढवलंस. हा अजून जुन्या भुकेच्या हिशोबाने पेट्रोल देईल. म्हणून आतल्या मोठ्या जेटचे, पेट्रोल ज्या बारीक भोकातून येतं त्याचे, तीन नमुने सोबत दिलेत. एकावर एक खूण आहे तो मूळचा, दोन खुणा त्याहून मोठा, तीन खुणा सगळ्यात मोठा. त्या दोन्हींची भोकं मी शिलाई मशीनच्या बारीक रीमरने वाढवलीत. आत सध्या एक खुणेचा आहे.

फ्लोट पितळी आहे. गरम पाण्यात बुडवून पाहिला, बुडबुडा आला नाही. गास्केटं नवी कापलीत. हा कार्बोरेटर मी दरवर्षी एकदा उघडून पुसून ठेवत होते. का, ते विचारू नकोस.

दादाने नकली बसवताना खालचं तोंडच बदलून घेतलेलं दिसतंय, कारण ह्याच्या बोल्टांमधलं अंतर नव्वद आहे. मध्ये दहा मिलिमीटरची अल्युमिनियमची प्लेट लागेल. चार भोकं बोल्टांची, मधलं मोठं. मधल्या भोकाची कड खाली गुळगुळीत उतरती ठेव, पायरी राहिली तर हवा तिथे अडखळेल.

तुझ्या हातून काम कुणी काढून घेणार नाही. कॅलिपरने तीनदा मोजणाऱ्या माणसाला मी तरी काही सांगू शकत नाही.

आत्या

२२ मार्च

आत्या,

पार्सल बाबांच्या समोर उघडलं. लपवाछपवी पुरे झाली, असं ठरवून उघडलं.

त्यांनी कागदातून कार्बोरेटर दिसायच्या आधीच डावा हात पुढे केला. मी तो त्यांच्या मांडीवर ठेवला. अंगठ्याने ते त्याची झडप उघडत होते, मिटत होते. उघडत होते, मिटत होते. मी विचारलं, “बाबा, तिने नेला होता हे तुम्हाला माहीत होतं?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अगदीच बावळट प्रश्न विचारलाय. मग होकारार्थी मान हलवली. “मग पाण्यात पडला असं का सांगितलंत?” यावर तोंडाची डावी बाजू हसली. उजवी हसत नाही.

मी तो काढून घ्यायला गेले तर त्यांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. पुन्हा मांडीवर दिला, तेव्हा बोट एका बोल्टाच्या भोकावर ठेवलं, मग दुसऱ्यावर, आणि मान नकारार्थी हलवली. अंतर जुळणार नाही, हे सांगत होते. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. सगळं. ‘ताटाकडे बघत म्हणाला’, हेही. तेव्हा ते खिडकीकडे वळले.

प्लेट करून घ्यायला लेथवाल्याकडे गेले. तो म्हणाला, “संघाची सगळी कामं माझ्याकडे आहेत ताई. तुझं केलं असं अध्यक्षांना कळलं तर ती जातील.” मी म्हटलं, “मग तुम्ही करू नका. नुसता तुकडा द्या.” त्याने अल्युमिनियमचा तुकडा काढून दिला, ड्रिल मशीन चालू केलं आणि म्हणाला, “मी चहाला चाललोय. तासभर येत नाही.” भोकं मी पाडली. मधलं भोक दोन दिवस कानशीने घासत बसले. नखाने चाचपून पाहिलं, पायरी लागत नाही.

काल बसवून सुरू केलं. आत्या, जागेवरचा आवाज ऐकून दक्षिण टोकाची एक म्हातारी धक्क्यावर थांबली आणि म्हणाली, हा आवाज कुठे होता इतके दिवस?

पण जोर दिला की आता काळा धूर नाही, उलट कार्बोरेटरच्या तोंडातून फट् फट् करतं आणि दम सोडतं. प्लग काढून पाहिले, पांढरे फटक. अकरा दिवस उरलेत आणि टपालाला चार लागतात. काय करू? तू येऊ शकतेस का?

भिंगरी

२६ मार्च

भिंगरी,

पांढरे प्लग म्हणजे उपाशी. पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय. दोन्ही एकदम दुरुस्त करायला जाऊ नकोस, मग कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही.

आधी हवा. इंजिन जागेवर चालू असताना तेलाच्या कुपीने प्लेटच्या वरच्या आणि खालच्या सांध्यावर तेलाची धार सोड. आवाज बदलला तर तिथून हवा शिरतेय. प्लेट काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट कर, गास्केट बदल. आवाज बदलला नाही तर प्लेटला हात लावू नकोस, दोन खुणांचा जेट टाक. भर पाण्यात नेऊन पूर्ण जोराने पाच मिनिटं चालव, तसंच बंद कर आणि प्लग बघ. भाजलेल्या पावाच्या रंगाचे हवेत. तीन खुणांचा जेट बहुतेक लागणार नाही. काळे आले तर मी चुकले.

वर जाळीचं झाकण बसवल्याशिवाय पाण्यात न्यायचं नाही. उलटी ज्वाळा तिथेच अडली पाहिजे.

येत नाही. लाँचीवर पाय ठेवायचा नाही, असं दादाने सांगितलं होतं. ज्याने सांगितलं त्याने ते मागे घेतलेलं नाही. त्याने माझी लाज राखली, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण ती वेगळी गोष्ट आणि ही वेगळी. मलाही कणा आहे.

चाचणी तुझी आहे. तूच दे.

आत्या

३ एप्रिल

आत्या,

हवाच होती, आणि पेट्रोलही. खालच्या सांध्यावर तेल सोडल्याबरोबर आवाज बदलला. प्लेट काचेवर घासली. तरी फटफट थोडी राहिली, मग दोन खुणांचा जेट टाकला. चारही प्लग भाजलेल्या पावासारखे. तू चुकली नाहीस.

काल चाचणी झाली. तपासनीस साहेब सकाळी आठला आले. उंच, चष्मेवाले, कमी बोलणारे. दक्षिण टोकाची वीस माणसं मुद्दाम भार म्हणून येऊन बसली होती. अध्यक्षही धक्क्यावर हजर. साहेबांना म्हणाले, “साहेब, इंजिन आमच्या वडिलांच्या वयाचं आहे. त्यात हिने घरी खटपट केलीय. मध्येच बंद पडलं तर आमची लाँच ओढून आणायला तयार ठेवलीय.”

मी म्हटलं, “दोर लांब ठेवा, आम्ही बरेच पुढे असू.”

साहेब हसले नाहीत. आधी बुडाची फळी उचलायला लावून वास घेतला. मग कार्बोरेटर बराच वेळ पाहिला.

“हा कुठून आणलात? हे आता बनत नाहीत.”

“घरचाच आहे,” मी म्हटलं. “मधे काही वर्षं बाहेरगावी होता.”

प्रवाहाविरुद्ध जायला सांगितलं. तीनदा बंद करून तीनदा सुरू करायला सांगितलं. मधल्या पाण्यात, जिथे ओढ सगळ्यात जास्त असते, तिथे ते अचानक म्हणाले, “आता एकदम पूर्ण जोर द्या. हळूहळू नको.” नकली असताना ते नेमकं इथेच मरायचं. माझा हात दांड्यावर होता. मी दांडा टोकापर्यंत ढकलला. आत्या, ना उचकी, ना धूर. लाँचीचं नाक उठलं आणि मागच्या बाकावरची माणसं एकमेकांच्या अंगावर गेली. कुणीतरी मागून म्हणालं, “आता बोलवा त्या दोरवाल्याला.”

धक्क्यावर परतल्यावर साहेबांनी फॉर्म काढला. त्यात एक ओळ छापलेली आहे, ‘इंजिन दुरुस्त करणारा’, आणि पुढे मोकळी जागा. अध्यक्ष शेजारीच उभे होते. म्हणाले, “तिथे मिस्त्रीचं नाव लागतं, मान्यताप्राप्त.” मी साहेबांना विचारलं, “तसा नियम आहे का?” ते म्हणाले, “नियम एवढाच आहे, की ज्याने काम केलं त्याचं नाव.” मी पेन घेतलं, ‘करणारा’ खोडलं, वर ‘करणाऱ्या’ लिहिलं आणि पुढे दोन नावं घातली. आधी तुझं. साहेबांनी चष्मा वर करून खाडाखोड पाहिली आणि तिच्याशेजारी स्वतःची सही केली. परवाना पाच वर्षांसाठी माझ्या नावावर झालाय.

बाबांना सहा माणसांनी खुर्चीसकट उचलून लाँचीवर आणलं. दक्षिण टोकाला जाऊन येईपर्यंत ते इंजिनाकडे कान लावून बसले होते. घरी आल्यावर त्यांनी डाव्या हाताने हवेत लिहून दाखवलं, कागद हवा. इतके महिने कागद दिला की ढकलून द्यायचे. एक ओळ लिहायला त्यांना अर्धा तास लागला. मला वाचू दिली नाही, घडी करून तुझ्याकडे बोट दाखवलं. म्हणजे टपालाच्या दिशेला. सोबत पाठवतेय. वाचलेली नाही, शपथ.

तुझी,
भिंगरी

(सोबतची चिठ्ठी, शिसपेन्सिलीने, अक्षरं वाकडी)

जागेवर इंजिनाचे फेरे जास्त आहेत. लाँचीवर येऊन बघ.
दादा

८ एप्रिल

दादा,

जागेवर फेरे जास्त नाहीत. भिंगरीने बरोबर ठेवलेत. पिस्टन मोठे आहेत, सकाळी इंजिन थंड असताना गियर टाकलास आणि फेरे कमी असले तर धक्क्यावरच बंद पडेल. तुला ते तेव्हाही कळत नव्हतं.

शनिवारी पहिल्या बसने निघतेय, दुपारपर्यंत पोचेन. भिंगरीला हे पत्र दाखव, तिने लाँच धक्क्याला लावून ठेवावी आणि इंजिन गार असू द्यावं. मी घरी नंतर येईन. आधी लाँचीवर येईन, तुझ्यासमोर सुरू करेन आणि तू ऐकायचंस. बोलता येत नसलं तरी तुला मान हलवता येते, असं कळलंय. ती कुठल्या दिशेने हलवायची ते मी सांगेन.

स्क्रू ड्रायव्हर माझा मी आणतेय. फेरे कमी करणार नाही.

तुझी बहीण